मनिलाहून विगानला जावं का? आईला तिथला माग बघायचाय

अनगोळकर

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ मनिलाला नोकरीला आहे, जानेवारीत त्याच्याकडे जाऊलोय, मी, बायको आणि आई. आई ६६ वर्षांची, गुडघे दुखतात पण हळूहळू चालते, आणि पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. एकूण दहा दिवस हातात आहेत. समुद्रकिनारे आम्हाला नकोत, चोर्ला घाट उतरला की गोवा आपल्याला आहेच. भावाच्या ऑफिसात एक बाई आहेत, इलोकानो, म्हणजे लुझोन बेटाच्या वायव्येला जो इलोकोस भाग आहे तिथल्या, त्या म्हणाल्या की आमच्या विगानला जा, स्पॅनिश काळातलं अख्खं गाव उभं आहे आणि तिथे अजून हातमागावर कापड विणतात.

हे हातमागाचं आईनं ऐकलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिचं माहेर बेळगावच्या वडगावचं. आजोबांचा घरात खड्डामाग होता, शहापुरी लुगडी विणायचे, आणि आई शाळेला जायच्या आधी रहाटावर सुताच्या कांड्या भरून द्यायची. तो माग मोडून चाळीस वर्षं झाली असतील, मी तर बघितलेलाच नाही. आई आजवर आमच्याकडे कधी काही मागत नाही, अमुक ठिकाणी न्या असं तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून नीट चौकशी करूनच ठरवायचं आहे.

तर कुणी गेलंय का तिकडे? भाऊ म्हणतो बसने नऊ-दहा तास लागतात, आईला झेपेल का, दुसरी काही सोय आहे का? एक रात्र पुरते का? खाण्याचं काय? आणि बायकोचा प्रश्न असा की पणजीच्या फोंतेन्यासला आपण दरवर्षी जातोच, तशीच रंगीत घरं आणि बाल्कन्या असतील तर एवढा प्रवास कशासाठी. मला याचं उत्तर देता आलं नाही.


मलप्रभाकाठ

जावा. आणि एक नव्हं, दोन रात्री र्‍हावा.

मी २०२३ च्या फेब्रुवारीत गेलतो, मनिलात कंपनीचं काम होतं त्याला जोडून. मी खानापूरचा, आमच्या घरात विटा-कौलांची भट्टी, त्यामुळे माझं लक्ष भिंती, छपरं आणि मातीकडे जातं, मागाचं दुसरं कोणतरी माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

आधी प्रवास. मनिला ते विगान साधारण ४०० किलोमीटर, रात्रीच्या बसेस आहेत, सीट चांगल्या मागे पडतात, झोप लागते. पण एसी इतका गार ठेवतात की मी पूर्ण रात्र कुडकुडलो, आईंना शाल, कानटोपी, पायमोजे सगळं हातातल्या पिशवीत द्या, डिकीत टाकलेल्या बॅगेत नको. गुडघ्यांचा विचार केला तर दुसरा रस्ता म्हणजे मनिलाहून लाओआगला विमानाने जायचं, तिथून विगान दक्षिणेला ८० किलोमीटर, गाडीने दोनएक तास. मी तुमच्या जागी असतो तर जाताना विमान आणि येताना दिवसाची बस घेतली असती, दिवसाच्या बसमधून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला शेतं दिसतात.

आता वैनींचा प्रश्न, फोंतेन्याससारखंच आहे का. बगा, खिडक्या बघितल्यावर मलाही पहिल्यांदा गोवाच आठवला. गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात ना, अगदी त्याच शिंपल्या, तिकडे त्याला कापीस म्हणतात. ऊन आत येतं पण डोळ्यांवर येत नाही, दुधासारखा उजेड पडतो. पण गोव्यात खिडकी बाहेर उघडते, इथे अख्खी तावदानं खाचेतून बाजूला सरकतात, पूर्ण भिंतच उघडी होते म्हणा. आणि त्या खिडकीच्या खाली, जमिनीलगत, अजून एक छोटी खिडकी, लाकडी गजांची. रात्री वरची मोठी बंद केली तरी खालून वारा येत राहतो. मी त्या खालच्या खिडकीसमोर बसूनच राहिलो जरा वेळ, आपल्याकडे मे महिन्यात असं काहीतरी पाहिजे असं वाटत होतं.

घराची रचना पण वेगळी. खालचा मजला विटांचा, भिंती हातभर जाड, वरचा मजला लाकडी. राहायचं वर. खाली घोडागाडी ठेवायची, माल साठवायचा. आणि ही घरं स्पॅनिश लोकांनी स्वतःसाठी बांधलेली नाहीत, हे मला तिथे गेल्यावरच कळलं. चिनी व्यापारी येऊन तिथल्या इलोकानो मुलींशी लग्नं करून राहिले, त्यांच्या पोरानातवंडांनी कापड, नीळ, तंबाखू यांच्या व्यापारात पैसा केला आणि ही घरं बांधली. त्या भागाचं जुनं नावच कासांगलायान, म्हणजे चिनी लोक राहतात ती जागा. म्हणजे आराखडा स्पेनचा, पैसा चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांचा, लाकूड-माती आणि हात इलोकानो माणसांचे. १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं ते ह्या मिसळणीसाठी. फोंतेन्यास सुंदर आहे, मला आवडतं, पण ही मिसळण तिथे नाही.

आणि भूकंप. हे गोव्यात नाही. ह्या लोकांनी सगळं भूकंप धरून बांधलंय. मोठ्या चर्चचा घंटेचा मनोरा चर्चला चिकटून नाही, बाजूला सुटा उभा केलाय, पडला तर चर्चवर पडू नये म्हणून. छपरांवर बऱ्याच ठिकाणी आता पत्रे आहेत, मला कौलं बघायची होती म्हणून जरा वाईट वाटलं, पण भूकंपात कौल डोक्यात पडतं हे पण खरंच. २७ जुलै २०२२ ला शेजारच्या आब्रा प्रांतात ७.० चा भूकंप झाला, त्यात विगानच्या कितीतरी घरांचं नुकसान झालं, शेजारच्या बांताय गावचा १५९१ चा घंटेचा मनोरा आहे त्याचा वरचा भाग ढासळला. मी गेलो तेव्हा सहा-सात महिने झाले होते, मनोरा लांबूनच बघितला, आणि गावात जागोजागी परांच्या बांधून गवंडी चुन्याचं काम करत होते. मला रस्त्यापेक्षा ते काम बघण्यात जास्त गोडी. सिमेंट मारून मोकळं होता आलं असतं, ते करत नव्हते. युनेस्कोने २०१० मध्ये तिथल्या घरमालकांसाठी घर कसं जपावं याची एक पुस्तिकाच काढलीय, विटा, लाकूड, चुना, ओल, वाळवी सगळं चित्रांसहित. शहापुरातल्या वाड्यांच्या मालकांना कोणतरी असं मराठीत, कन्नडमध्ये करून दिलं पाहिजे असं मला फार वाटतं. आमच्या ओळखीतले तीन वाडे माझ्या डोळ्यांसमोर पडले, आणि पाडायची हौस कुणालाच नव्हती, दुरुस्त कसा करायचा हे सांगणारंच कोण मिळालं नाही.

पगबुर्नायान नावाचा भाग आहे, तिथे मातीच्या भट्ट्या. बुर्नाय म्हणजे मोठे रांजण. चिनी कारागिरांनी आणलेली विद्या. माती मळायला रेडा, तिकडे काराबाव म्हणतात, तो गोल गोल फिरवून पायाने माती तुडवून घेतात. मग चाकावर घडवून लांबलचक भट्टीत इतक्या कडक आचेवर भाजतात की रांजण वाजवला तर धातूसारखा आवाज देतो, पाणी अजिबात पाझरत नाही. आपल्याकडे खानापुरात कुंभारकामाचं केंद्रच आहे, मी लहानपणापासून चाक बघतोय, तरी तिथे दोन तास कसे गेले कळलं नाही. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला मातीचा गोळा हातात दिला आणि मी तो दाबून बघितला तसं त्याला कळलं की हा मातीतला माणूस आहे. भाषा काय येत नव्हती एकमेकांची.

मेन रस्ता कायये क्रिसोलोगो. दगडी फरसबंदी, गाड्यांना बंदी, फक्त टांगे. आईंना दगडांवरून चालताना त्रास होईल, सपाट तळाचे बूट द्या. टांग्याची पायरी उंच आहे, चढताना दोघांनी धरा.


वेदगंगा

मलप्रभाकाठ दादांनी छान लिहिलंय. मी निपाणीची, मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही मनिलाला तीन वर्षं होतो, विगानला दोनदा गेले, दुसऱ्यांदा सासूबाईंना घेऊन, त्या पण माळकरी, त्यामुळे खाण्याचं मी सांगते.

अनगोळकर, आईंना सांगा काळजी करू नका, भाज्या सगळ्या आपल्याच आहेत. इलोकानो लोक भाजीपाल्याचे लोक आहेत, मनिलात मिळत नाही इतकी भाजी तिकडे ताटात असते. कारलं, वांगं, भेंडी, टोमॅटो, चवळीच्या शेंगा एकत्र शिजवतात त्याला पिनाकबेत. शेवग्याचा पाला तर रोजचा, मारुंगाय म्हणतात. आणि सासूबाईंना सगळ्यात नवल कशाचं वाटलं असेल तर बाजारात हादग्याच्या फुलांचे ढीग होते! कातुदाय म्हणतात, उकडून टोमॅटोबरोबर खातात. सासूबाई तिथेच बाजारात फुलं हातात घेऊन उभ्या, डोळ्यांत पाणी, त्यांच्या माहेरी परसात हादगा होता.

पण अडचण एकच आणि ती मोठी आहे. जवळजवळ प्रत्येक भाजीत बागोओंग असतं, म्हणजे मीठ घालून मुरवलेल्या माशाचा रस, आपण मीठ घालतो तसं ते घालतात. दिसत नाही, त्यामुळे भाजी बघून फसायला होतं, आणि वाढणारीला विचारलं की यात मांस आहे का तर ती खरंच नाही म्हणते, कारण तिच्या लेखी ते मांस नाहीच. म्हणून 'व्हेज' वगैरे म्हणू नका. सरळ म्हणायचं, 'अवान ती बागोओंग, अवान ती कार्ने', बागोओंग नको, मांस नको. आणि आधी सांगून ताजं करून घ्यायचं. आम्ही राहिलो त्या घरच्या बाईंनी सासूबाईंना स्वयंपाकघरातच नेलं, दोघींनी मिळून पिनाकबेत केलं, मीठ-लसूण-आलं घालून, आणि त्या बाई म्हणाल्या की लेंटच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासात आम्हीपण मांस सोडतो. निपाणीहून नेलेली शेंगदाण्याची चटणी त्यांना इतकी आवडली की डबाच ठेवून आलो.

प्लाझा बुर्गोसला संध्याकाळी एम्पानाडाच्या गाड्या लागतात. तांदळाच्या पिठाची केशरी रंगाची पातळ पारी, त्यात किसलेली कच्ची पपई, वर अंडं आणि लोंगानिसा म्हणजे लसणीचं डुकराचं सॉसेज, मग तळायचं. आपल्या करंजीसारखाच आकार. तुमच्यासाठी नुसत्या पपईचा करून देतात पण तेल तेच असतं, आईंना चालणार नसेल तर नको. त्यापेक्षा तुपिग घ्या, चिकट तांदळाचं पीठ, नारळ, गूळसाखर केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेलं, पातोळ्या आवडत असतील तर हे हमखास आवडेल. आणि चिचाकॉर्न, लसणीचा मका, प्रवासात तोंडात टाकायला.

आता माग. गावातच कामांगान म्हणून भाग आहे, तिथे विणकरांच्या कार्यशाळा आहेत, आत जाऊन बघता येतं, बायकाच जास्त. कापडाला आबेल म्हणतात. माग खड्ड्यातला नाही, जमिनीवर उभी मोठी लाकडी चौकट, आणि पायाने दाबायच्या पट्ट्या. जाड सुती कापड, चादरी, टॉवेल, टेबलावरच्या पट्ट्या. ते लोक म्हणतात आजीची आबेलची चादर नातीच्या लग्नात देतात, आणि हात लावल्यावर ते खरं वाटतं. जुन्या काळी ह्याच कापडाची शिडं करून जहाजांवर लावत होते. एक नक्षी आहे बिनाकोल, छोटे मोठे चौकोन असे विणतात की मधे गोल फिरताना दिसतं, बघून बघून डोळे गरगरतात. ते भोवऱ्याचं, लाटांचं चित्र आहे असं सांगतात, आणि वाईट शक्तींना चक्कर यावी, घरातल्यांना दृष्ट लागू नये म्हणून ती नक्षी. आपण काजळाची तीट लावतो, ते अख्खी चादर विणतात! आईंना कांड्या भरणाऱ्या मुलीच्या शेजारी बसवा, पुढचं त्या बघून घेतील, तुम्ही दोघं तोवर फिरून या.

मानांग म्हणजे मोठी बहीण, आपली अक्का. मानोंग म्हणजे आण्णा. अनोळखी माणसालाही ते असंच बोलतात, तुम्हीपण बोला, चेहरे बदलतात एकदम. धन्यवादाला 'दिओस ती आग्ङिना', म्हणजे देव तुझं फेडो. गोव्याची माणसं 'देव बरें करूं' म्हणतात, मला पहिल्यांदा तेच ऐकू आलं.


खडेबाजार

सगळं वाचलं, माहिती चांगली आहे, पण मी उलट बाजू मांडतो, रागावू नका. मी युरोपात अशी दोन जुनी गावं बघितली, दिवसा पर्यटक, संध्याकाळी शुकशुकाट, घरांत कोणी राहत नाही, खाली सगळी चुंबक आणि किचेनची दुकानं. विगानचे फोटो बघितले तर त्या मेन रस्त्यावर पण दोन्ही बाजूंना तेच दिसतंय. गुडघे दुखणाऱ्या ६६ वर्षांच्या बाईंना चारशे किलोमीटर न्यायचं ते यासाठी? मनिलातही इंत्रामुरोस आहे की, जुना स्पॅनिश कोट, अर्ध्या दिवसात होतो.


मलप्रभाकाठ

खडेबाजार साहेब, त्या एका रस्त्याबद्दल तुमचं बरोबर आहे, खाली दुकानंच आहेत. पण इंत्रामुरोसचं सांगतो, १९४५ च्या लढाईत ते जवळजवळ सगळं जमीनदोस्त झालं, आज दिसतं त्यातलं पुष्कळ नंतर उभं केलेलं आहे, एक सान आगुस्तिन चर्च तेवढं खरं जुनं टिकलं. विगान वाचलं. का वाचलं त्याची एक गोष्ट गावात सगळे सांगतात, जपानी अधिकाऱ्यानं गावातल्याच बाईशी लग्न केलेलं, सैन्य मागे घेताना तो पाद्रीकडे आला आणि बायकापोरांना सांभाळा म्हणाला, आणि जपानी गेले हा निरोप अमेरिकनांपर्यंत पोचला म्हणून बॉम्ब पडले नाहीत. ही तोंडोतोंडी आलेली गोष्ट आहे, पण सांगणारा प्रत्येक माणूस आपल्या घराकडे हात करून सांगतो.

आणि माणसं राहतात हो. मेन रस्त्यापासून दोन गल्ल्या बाजूला जावा. सकाळी सहाला जावा, टांगेवाले घोड्यांना पाणी पाजत असतात, आज्जी वरच्या खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडते आणि पाववाला त्यात पाव टाकतो. मी बघितलंय. दाराशी वाळत घातलेली कापडं, पोरांच्या सायकली. दुकानं दहाला उघडतात, तेव्हा तुम्ही झोपायला गेलात तरी चालेल.


वेदगंगा

आणि खडेबाजार काका, वाटेतलं पण मोजा की. कांदोन गाव लागतं, तंबाखूचं, जानेवारीत दोन्ही बाजूंना तंबाखूची हिरवी शेतं. मी निपाणीची, मला काच बंद असूनसुद्धा वास आल्यासारखं झालं. माझे वडील ८१ च्या तंबाखूच्या आंदोलनात हायवेवर बसले होते, दर मिळावा म्हणून. तिकडे स्पॅनिश सरकारची तंबाखूवर मक्तेदारी होती, १७८२ ते १८८२, शंभर वर्षं, पिकवायचं शेतकऱ्यानं आणि भाव सरकारनं ठरवायचा. शेजारच्या सीटवरच्या मानोंगना मी निपाणीचं सांगितलं मोडक्या तोडक्या इंग्रजीत, तर ते उतरेपर्यंत त्यांच्या भावाचं, व्यापाऱ्यांचं, वजनाचं सांगत होते. शब्द वेगळे, गाऱ्हाणं सगळं आपल्या घरातलं.


चिकोडी_मास्तर

उशिरा आलो. मी अजून गेलेलो नाही, पण इतिहास शिकवतो आणि ह्या भागाचं बरंच वाचलंय, म्हणून जे बघायचं चुकवू नये ते लिहितो.

गाव १५७२ चं, हुआन दे साल्सेदोनं वसवलं, वय विशीच्या आसपास, फिलिपिन्समध्ये स्पेनची सत्ता बसवणाऱ्या लेगास्पीचा हा नातू. नाव ठेवलं व्हिया फर्नांदिना, स्पेनच्या राजपुत्रावरून. पण लोकांच्या तोंडात विगानच राहिलं, आणि ते नाव आलं बिगा या झाडावरून, मोठ्या पानांचं, आपल्या अळूच्या जातीचं, नदीकाठी माजायचं. राजपुत्राचं नाव गेलं, अळूचं राहिलं.

बासीच्या बंडाची चित्रं जरूर बघा. बासी म्हणजे उसाच्या रसाची दारू. रस काढून काहिलीत उकळायचा आणि मग त्या बुर्नाय रांजणात मुरवायचा, दादांनी लिहिलेले ते रांजण हेच. आपल्या चिकोडी-रायबाग पट्ट्यात गुऱ्हाळं जशी घरची तशी ही बासी तिथे घरची, लग्नाला, मर्तिकाला, देवाला. सरकारनं खासगी गाळायला बंदी घातली, आमच्या दुकानातूनच घ्या म्हणाले. सप्टेंबर १८०७ मध्ये पिद्दिग गावातून लोक उठले आणि विगानच्या दिशेनं चालत निघाले, पण वाटेत बांतावाय नदीवर त्यांना मोडून काढलं. पुढे १८२१ मध्ये एस्तेबान व्हियानुएव्हा या विगानच्याच माणसानं त्यावर १४ चित्रं काढली, ती विगानच्या नॅशनल म्युझियमच्या संकुलात आहेत. त्यात आकाशात धूमकेतू दाखवलाय, १८०७ ला खरोखरच मोठा धूमकेतू दिसला होता. चित्रं सरकारी बाजूनं काढलेली, फाशी गेलेले लोक दाखवलेत, पण मला ती बघायची आहेत ती याचसाठी की त्या चेहऱ्यांची दुसरी नोंदच कुठे नाही. तिथलाच जुना तुरुंग पण बघा, १८९० साली तिथे एल्पिदियो किरिनो जन्मले, वडील तुरुंगाधिकारी होते, आणि पोरगा पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

आणि गाब्रिएला सिलांग. नवरा दिएगो सिलांगनं स्पॅनिशांविरुद्ध इलोकोसमध्ये बंड केलं, त्याला मे १७६३ मध्ये मारेकऱ्याकडून मारलं. तिनं हातात सूत्रं घेतली, चार महिने लढली, पकडली गेली, २० सप्टेंबर १७६३ ला विगानमध्येच तिला फाशी दिली. मी आठवीच्या वर्गात कित्तूर चन्नम्मा शिकवताना तिचं नाव घेतो. आपल्या राणीच्या १८२४ च्या लढ्याच्या साठएक वर्षं आधीची गोष्ट. पोरांना दोघी मिळून जास्त कळतात असा माझा अनुभव आहे.

अजून एक. तो कायये क्रिसोलोगो रस्ता ज्याच्या नावाचा आहे ते मेना क्रिसोलोगो इलोकानो भाषेतले लेखक होते, नाटकं लिहायचे, आणि प्रांताचे पहिले गव्हर्नर. लेओना फ्लोरेंतिनो ही कवयित्री पण विगानची, १८४९ चा जन्म, इलोकानोत आणि स्पॅनिशमध्ये लिहायची. इलोकानो ही मनिलाच्या टागालोगपेक्षा वेगळी भाषा, एकाला दुसरी कळत नाही. घरी एक, शाळेत दुसरी, ऑफिसात इंग्रजी, आणि तिन्हीत माणसं आरामात वावरतात. आपल्या सीमाभागातल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. गावातला सर्वांत प्रसिद्ध रस्ता आपल्या भाषेच्या नाटककाराच्या नावाचा असावा, हे मला फार मोलाचं वाटतं.


खडेबाजार

मास्तर, हे कुठल्याच टूरवाल्याच्या पानावर वाचायला मिळालं नाही. इंत्रामुरोसचं मी मागे घेतो. अनगोळकर, आईंना न्या, फक्त राहायला जुन्या घरातलं हॉटेल घेतलंत तर खालच्या मजल्यावरची खोली आधी सांगून ठेवा, ती लाकडी जिने चढायला लावू नका.


मलप्रभाकाठ

हे बरोबर. आणि व्हिसाचं राहिलं, जून २०२५ पासून भारतीयांना फिरायला १४ दिवस व्हिसा लागत नाही, पासपोर्ट सहा महिने चालणारा पाहिजे, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग प्रिंट काढून ठेवा. ई-ट्रॅव्हल म्हणून त्यांच्या सरकारचा प्रवाशांसाठीचा ऑनलाइन फॉर्म आहे, तो तिथे पोचायच्या आधीच्या ७२ तासांत भरायचा, फुकट असतो. २५ जानेवारीला विगानची जत्रा असते, गावचा संत पॉल त्याचा सण, गर्दी असेल पण मजा पण असेल. मेमध्ये बिनातबातान म्हणून उत्सव असतो, कापूस काठ्यांनी बडवून सरकी काढायचा त्यावरून नाव, त्यावर रस्त्यात नाच करतात. तुमच्या आईंना तोच बघायला पाहिजे होता खरं तर.


अनगोळकर

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं, हादग्याच्या फुलांपाशी तिनं मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. ठरलं, २३ ते २६ जानेवारी विगान, जाताना लाओआगपर्यंत विमान, तीन रात्री. एक दिवस पूर्ण कामांगानला, आईचा. बायको आता रांजणांच्या भट्टीसाठी अर्धा दिवस वेगळा मागतेय आणि मला ती १४ चित्रं बघायची आहेत.

एक शेवटचं विचारतो. आज सकाळी उठून बघतो तर आई शिडी लावून माळ्यावर, गुडघे विसरून. जुन्या ट्रंकेतून आजोबांचा धोटा काढला, मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेतो तो, शिसवी लाकडाचा, गुळगुळीत झालाय, आणि आत एक कांडी तशीच, तिच्यावर जांभळं सूत गुंडाळलेलं. म्हणते हे तिच्या हातचं आहे. तिला तो धोटा तिथल्या बायकांना दाखवायला न्यायचा आहे. विमानात चालेल का?


वेदगंगा

धोट्याच्या टोकांना लोखंड असतं, केबिनमध्ये अडवतील. चेक-इनच्या बॅगेत टाका, आईंच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध. कांडी मात्र काढून त्यांच्या पर्समध्ये राहू द्या.


अनगोळकर

हो, कांडी ती स्वतःच देत नाहीये कुणाला.